मटण खाऊन केलेली सही

आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती. बारा जणी, महिन्याला हजार रुपये, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चिठ्ठी. जिची निघेल तिला त्या महिन्याचे बारा हजार. चिठ्ठ्या चहापुडीच्या रिकाम्या डब्यात असायच्या आणि डबा आक्काकडे. आक्का म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, सगळ्या गल्लीची थोरली बहीण. माझी बायको तिला धाकट्या बहिणीच्या जागी, म्हणून मी तिचा दाजी. तिचं बघून बाकीच्या दहा जणीही मला दाजीच म्हणायच्या.

भिशीचे सात महिने झाले आणि बायको गेली. कावीळ. पंधरा दिवसांत आटोपलं सगळं. मूलबाळ आम्हाला नव्हतं, त्यामुळे तेराव्यानंतर पाव्हणे गेले आणि भाड्याच्या त्या दोन खोल्यांत मी एकटा उरलो. तिची चिठ्ठी डब्यातून काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आठव्या महिन्यात नेमकी तीच निघाली.

आक्का पैसे घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"दाजी, तिचं हाय हे. धरा."

"ती हाय कुठं आता? दुसरी चिठ्ठी काढा की."

"सात म्हयनं भरल्यात तिनं. एक हप्ता चुकवला न्हाई. मी कोण दुसरी चिठ्ठी काढणार? धरा म्हणतोय न्हवं."

धरले. उरलेले हप्ते मी भरायचे ठरले, भिशीचा नियमच तो. "आत या की," म्हणालो. "नगं, दूध ठेवलंय गॅसवर," म्हणून ती गेली. हीच आक्का आधी दिवसातून चार वेळा आमच्या चुलीपर्यंत यायची. आता एकट्या बाप्याच्या घरात बाईमाणूस कशाला येईल? तिचं चूक नव्हतं. रीतच आहे ती. पण मला ते लई लागायचं, खोटं कशाला बोलू? गल्लीतलं सगळं बोलणं उंबऱ्यापाशी येऊन थांबायचं. मग मी दार पुढे ढकलून भाकरी थापायचो. माझ्या भाकरीचा नकाशा व्हायचा.

आता आमच्या भिशीची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बारावा महिना संपला की शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी बायका सगळ्या मिळून घरोघर जायच्या आणि भिशीच्या पैशातून जिनं जे घेतलं असेल त्याला हळदी-कुंकू लावायच्या. शिलाई मशीन असो, मिक्सर असो, कपाट असो. एकीनं पोराच्या जावळाला पैसे घातले होते, तर त्या पोराच्याच कपाळाला लावलं आणि त्यानं भोकाड पसरलं. वस्तूला कुंकू लावायचं, घरात बसायचं, चहा घ्यायचा, मग पुढचं घर. म्हणजे त्या दिवशी आमच्याकडेही येणार होत्या. आत येणार होत्या, बसणार होत्या. फक्त कुंकू लावायला काहीतरी पाहिजे होतं.

आणि बायकोला मिक्सर नको होता. तिला जागा पाहिजे होती. गडमुडशिंगीला तेव्हा प्लॉट पडायला लागले होते. आमची बाई रविवारी मला सायकलवर डबलसीट घेऊन जायला लावायची आणि चुन्यानं आखलेल्या रेघांमधून चालत, "हितं सैपाकघर, हितं न्हाणी," करत फिरायची. मी वैतागायचो. म्हणायचो, खिशात न्हाई दमडी आणि बघतीया माडी. ती म्हणायची, नुसतं बघायला काय पैसं पडत्यात? भिशीचे बारा हजार ती विसारापोटी, म्हणजे आगाऊ बयाणा म्हणून, ठेवणार होती. बाकीचं कर्ज काढू म्हणायची. मी हूं म्हणायचो आणि कूस बदलायचो.

बारा हजारांत जागा मिळत नाही हे मलाही कळत होतं. पण बारा हजार घेऊन, पैशाशिवाय जागा कशी घ्यायची, हे शिकवणारा भेटला की माणसाचं डोकं फिरतं. वर्तमानपत्राच्या घडीतून गुलाबी कागद पडला. तीन दिवसांचं शिबिर, जमीन-जागेच्या व्यवहाराचं पूर्ण शिक्षण. नव्वद दिवसांत तुमची पहिली जागा, नाहीतर सगळे पैसे परत. फी बारा हजार. आकडा बघून मला वाटलं, बायकोनंच वरून धाडलाय. आता हसू येतं. तेव्हा मी तो कागद तिच्या फोटोपुढे ठेवला होता.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा, त्यावरून वाळूत साचा, आणि साच्यात ओततात लोखंड. नमुना सुतभर चुकला की शंभर नग भंगारात. असं मापाचं काम केलेला माणूस मी, आणि त्या शिबिराला गेलो ते कशाचंही माप न घेता. शहाण्याचा गाढव व्हायला वेळ लागत नाही.

स्टेशनजवळच्या एका हॉटेलचा हॉल होता. साठेक माणसं असतील. दुकानदार, मास्तर, दोघंचौघं फौजेतून रिटायर झालेले. शिकवणारे सर पुण्याचे. भर उन्हाळ्यात गळ्यात टाय. "माझ्या मागं म्हणा, मी जमीनदार आहे," असं ते म्हणायचे आणि आम्ही साठ जण ओरडायचो. शेजारचा दुकानदार तर उठून उभा राहायचा. मीही ओरडलो. किती महिन्यांनी एवढ्या माणसांत बसलो होतो, एवढ्या माणसांबरोबर एका सुरात काहीतरी म्हणत होतो. मला ते आवडलं. शिकवण्यात काय होतं म्हणाल, तर एवढंच: अडलेला जागामालक शोधा, थोडा विसार देऊन करार करा, आणि मुदतीच्या आत जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक आणून मधला फायदा घ्या. हेच तीन दिवस उलटसुलट करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारीच मला शंका आली होती, पण इतक्या माणसांत एकट्यानं हात कोण वर करणार?

तिसऱ्या दिवशी जेवण. काय जेवण होतं म्हणता, मटणाचं ताट. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, वर पुन्हा वाढायला माणसं. सर स्वतः फिरून, "अजून घ्या, लाजू नका," म्हणत होते. बायको गेल्यापासून माझ्या तोंडाला मटण लागलं नव्हतं. मी पांढऱ्याच्या चार वाट्या प्यालो. आणि हात धुऊन येतोय तर प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कागद. 'मी या प्रशिक्षणाबद्दल पूर्ण समाधानी आहे.' खाली बारीक अक्षरांत अजून चार ओळी, त्याच्या खाली सहीची जागा.

आता कोल्हापूरचा माणूस ज्याच्या ताटात जेवला, त्याला अजून हात ओले असताना नावं कशी ठेवील? खाल्ल्या मिठाला जागायचं, हे आमच्या रक्तात. शेजारचा दुकानदार माझ्याकडे बघून कुजबुजला, "मला काय समजलं न्हाई बगा. पर जेवान एक नंबर हुतं." आणि त्यानं सही ठोकली. मीही ठोकली. साठाच्या साठ जणांनी केली असणार. त्या बारीक ओळींत लिहिलं होतं की समाधानी असल्यामुळे फी परत मागण्याचा हक्क मी सोडत आहे. ते मी वाचलं तीन महिन्यांनी.

मधले तीन महिने मी प्रामाणिकपणे जागा शोधल्या. पाळी तीनला सुटायची, की सायकल हाणायची. गडमुडशिंगीत एक म्हातारा शेतकरी भेटला, बांधावर बसून तंबाखू मळत होता. मी शिकवल्याप्रमाणे बोलायला लागलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पावणं, तुमच्याकडं पैसं हायत का?"

"आत्ता न्हाईत."

"शेतकरी दाखला?"

"न्हाई."

"मग श्यातजमीन तुमच्या नावावर हुईल कशी? कायदाच तसा हाय की. ही जमीन बिनश्येती व्हायला कितींदा तलाठ्याचं उंबरं झिजवावं लागत्यात, ठावं हाय का? आणि सातबाऱ्यावर नऊ जणांची नावं हायत. त्यातलं दोन माझ्याशी बोलत न्हाईत." त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "तुमास्नी ह्ये कुणी शिकिवलं?"

"शिबिरात. बारा हजार भरून."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "च्या घेऊन जावा," म्हणाला. मी चहा घेतला. उतरत्या उन्हात चुन्याच्या रेघांमधून सायकल ढकलत आलो, आणि तिनं जिथं न्हाणी ठरवली होती त्या चौकोनात जरा वेळ उभा राहिलो. तिथं दुसऱ्याच कुणाच्या घराचा पाया खणलेला होता. त्या दिवशी मला रडू आलं. फसलो म्हणून नाही. तिचे पैसे मी घालवले म्हणून.

गल्लीत तोपर्यंत मी थाप मारून बसलो होतो. दर महिन्याला आक्काच्या दारात हप्ता द्यायला गेलो की ती विचारायची, "मग दाजी, काय घेतलासा तिच्या पैशाचं?" मी म्हणायचो, "जागेचं बघतोय." तिचा चेहरा असा उजळायचा की पुढचं खरं माझ्या घशातच राहायचं. ती सगळ्या जणींना सांगून मोकळी. "तिची जागा हुतीया," म्हणे.

नव्वद दिवस भरले आणि मी राजारामपुरीत त्यांच्या ऑफिसात गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेर कौंटरवर चाळिशीच्या एक बाई, आत काचेमागं म्यानेजर. म्यानेजर गारगोटीकडचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, बोलण्यावरून लगेच कळलं. त्यानं फाइल काढली आणि माझीच सही माझ्यापुढे धरली.

"सायेब, तुम्ही समाधानी हायसा. हे बघा."

मी त्या बारीक ओळी वाचल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. "ही मटण खाऊन केलेली सही हाय," मी म्हणालो.

"सही ती सही. मटण खाऊन केली काय, उपाशी केली काय."

मी दुकानदाराकडे गेलो, फौजी माणसाकडे गेलो, मास्तरांकडे गेलो. चला, सगळे मिळून जाऊ म्हटलं. दुकानदार म्हणाला, "सोडा वो. भाईर समजलं तर माझ्या गिऱ्हाइकांसमोर मी खुळा ठरंन." मास्तर म्हणाले, माझ्या घरी अजून माहीत नाही. फौजी माणूस तर, मी असा कोर्स केलेलाच नाही, म्हणाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सगळ्यांनाच बसला होता, पण ओरडायला कुणी तयार नव्हतं. त्यांना घरी लपवायला माणसं होती. मला तीही नव्हती, म्हणून मी जाऊ शकत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तिथं जाऊन बसायला लागलो. तीनला पाळी सुटली की फाउंड्रीच्या काळ्या कपड्यांतच चारला हजर, सहाला त्यांनी शटर ओढेपर्यंत. भांडलो नाही, ओरडलो नाही. पहिल्या दिवशी त्या बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. मी म्हणालो, "तुमचं पाणी मी पिणार न्हाई. पैसे मिळंपर्यंत न्हाई." आणि पिशवीतली माझी बाटली काढून प्यालो. एकदा त्यांचं खाऊन हात पोळला होता. पुन्हा त्यांचा थेंबही घशाखाली उतरवायचा नाही, असा कानाला खडा लावला होता मी.

बाईंनी पेला उचलला नाही. मी निघालो तेव्हा तो तसाच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन पेला, काठोकाठ. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "बाई, कशाला त्रास घेताय?" तर म्हणाल्या, "आलेल्या माणसाला पाणी न्हाई दिलं तर मला करमत न्हाई. प्यायचं का न्हाई ते तुमचं तुम्ही बघा." मग ते रोजचंच झालं. त्या ठेवायच्या, मी बघायचो, जाताना त्या नेऊन कुंडीत ओतायच्या. खिडकीतल्या त्या कुंडीत मोगऱ्याचं झाड होतं. मी रोज तिथं बसून त्यांच्याशी बोलायचो, त्याही बोलायच्या. ऊन, पाऊस, मोगऱ्याला कळ्या किती. घरी कोण कोण, असं एकदा त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही. मी त्यांना काही विचारलं नाही. आपण भांडणाला आलोय, गप्पा मारायला नाही, असं मी मनाला बजावत होतो. पण दुपारी अडीचलाच माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं होतं, हे आज कबूल करतो.

चौकशीला नवीन माणसं यायची. काळ्या कपड्यातला माणूस बसलेला बघून शेजारी टेकायची.

"पावणं, तुमी केलासा काय ह्यो कोर्स? कसा हाय?"

"केला. जागा मिळाली न्हाई. पैसे परत मागायला बसलोय."

एवढंच. वर एक शब्द नाही. माणसं उठून जायची. म्यानेजर काचेतून बघायचा आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. चहा पाठवून बघितला, तो पाण्याच्या पेल्याशेजारी साय धरून बसला. पोलिसांत देतो म्हणाला. द्या म्हटलं, तिथं तरी कोणीतरी विचारील कशाला आलास म्हणून. असे तीन आठवडे गेले, आणि बारावा महिना संपायला आला.

एका रविवारी मी विचार करत बसलो. म्यानेजरचं काय चुकतंय हे बघण्याऐवजी आपलं काय अडकलंय ते बघू म्हटलं. अडकलं होतं ते मटण. त्यांचं खाल्लं होतं, ते माझ्यावर होतं. ते आधी फेडायचं, मग मागायचं. उठलो, मार्केटात जाऊन अर्धा किलो मटण आणलं.

मी जन्मात मटण केलं नव्हतं. तिचं बघून बघून जेवढं डोक्यात राहिलं होतं तेवढ्यावर कांदा, खोबरं भाजलं. चटणीची बरणी काढली. कांदा-लसूण चटणी तिनं उन्हाळा लागतानाच करून ठेवली होती, आजारी पडायच्या आधी. तेव्हापासून मी ती चमच्याच्या टोकानं वापरत आलो होतो, कारण ती संपली की तिच्या हातचं घरात काही उरणार नव्हतं. बुडाला तीन चमचे असतील. तिन्ही घातले. बरणी पाण्यानं विसळून तेही पाणी रश्शात ओतलं. वास सुटला तसा आक्काचा आवाज आला, दारातूनच. "दाजी, मटान शिजतंय व्हय? कोण पावणं आल्यात?" मी म्हटलं, "न्हाई, डबा न्यायचाय." "बरं झालं," म्हणाली, "कोणतरी हाय तुमच्या हातचं खायला," आणि गेली. मला तिला हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

सोमवारी तीन खणांचा डबा म्यानेजरच्या टेबलावर ठेवला. चौकशीला आलेली दोन माणसं होती, कौंटरवरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"तुमचं खाल्लेलं परत. तुम्ही जेवा. मग आपलं फिटलं. मग माझी सही मला परत द्या आणि पैसे द्या."

दोन माणसांतलं एक फिस्सकन हसलं. म्यानेजर हसला नाही. गारगोटीकडचाच तो, त्याला बरोबर कळलं. डबा लोटला तर घरून आणलेलं अन्न लोटलं असं होणार, आणि खाल्लं तर फिटंफाट. मग त्यानं डबा उघडला, भाकरी मोडली, रश्शात बुडवली. निम्मं खाल्लं. सगळ्यांसमोर.

"कोणी केलंय?"

"मी. चटणी बायकोची हाय. ती गेली, पाच महिने झाले. तुम्हाला दिलेले पैसे पण तिचेच हुते."

त्यानं हात धुतले, फाइल काढली आणि माझ्या सहीचा कागद फाडला. "शुक्रवारी चारला या," म्हणाला. "चेक पुण्यासनं मागवतो. पर मीठ कमी पडलंय तुमच्या रश्शाला."

शुक्रवार म्हणजे भिशीचा शेवटचा शुक्रवार. बायका सहाला येणार. चारला चेक, पाचला घरी, असा हिशेब मी मनात घातला. वस्तू नाही तर नाही, चेक पाटावर ठेवू, विसाराचे पैसे आहेत म्हणून सांगू, त्याला कुंकू लावतील. गुरुवारी घर धुऊन काढलं. आमच्याकडे सहाच कप होते, महाद्वार रोडवरून सहा अजून आणले. अकरा जणी आणि मी. बारा कप पुसून पाटावर पालथे मांडले, सकाळी दोन लिटर दूध तापवून ठेवलं, सतरंजी अंथरली आणि दाराला कुलूप घालून कामावर गेलो.

चारला पोचलो. चेक आला नव्हता. पुण्याहून माणूस येतोय, वाटेत आहे. पाच वाजले. साडेपाच वाजले. मी सारखा उठत होतो, जिन्यापर्यंत जाऊन परत येत होतो.

"काय काम हाय काय घरात?" बाईंनी विचारलं.

"बायका येणार हायत. सहाला."

"मग जावा की तुम्ही. चेक मी घेऊन ठेवतो. सकाळी घ्या माझ्याकडनं."

मी त्यांच्याकडे बघितलं. महिनाभर रोज पाणी ठेवणारी बाई. आणि खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. एकदा फसलेला माणूस मी, दुधानं तोंड पोळलेला, ताकही फुंकून पिणारा. "नगं," म्हणालो. "थांबतो."

सहा वाजले. सव्वासातला माणूस आला. चेक मिळाला, नाव तपासलं, आकडा तपासला, खिशात घातला आणि पळत सुटलो. बाईंनी पेला भरून पुढे केला होता. "आता तरी प्या की, झालं न्हवं काम," म्हणत होत्या. मी जिन्यावरून "उशीर झाला," असं ओरडलो, वळून बघितलं नाही.

गल्लीत दिवे लागले होते, घरोघर फोडण्यांचा वास. माझ्या दाराला कुलूप होतं तसंच. आणि त्या कुलपाला हळद-कुंकू लावलेलं. दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू, अकरा जणींनी लावलेलं, थरावर थर.

आक्का तिच्या दारात आली. "लई वाट बघितली, दाजी. हितंच पायरीवर बसलो हुतो सगळ्या. म्हटलं, जागेच्या कामालाच गेला असशीला. मग कुलपालाच लावलं."

"आत्ता या की," मी म्हणालो. "च्या ठेवतो. सगळ्यांस्नी बोलवा."

"आता कुठं च्या? जेवायची येळ झाली, पोरं भुकेजल्यात. ऱ्हाऊ दे, पुन्यांदा कवातरी."

कुलूप उघडायचं म्हणजे कुंकू पुसायचं. मी पायरीवर बसून राहिलो. शेवटी उघडलंच, दुसरं काय करणार? तळहात लालपिवळा झाला. आत सतरंजी, बारा कप. मी चेक तिच्या फोटोपुढे ठेवला आणि म्हणालो, "आणलं गं तुझं पैसं." एक कप सुलटा केला, चहा केला, प्यालो. बाकीचे अकरा उचलून फळीवर ठेवले. दूध सकाळपर्यंत नासलं.

भरलेला कप पुढे करावा आणि समोरच्यानं नको म्हणावं, त्यात कुणाची चूक नसते, तरी कुठं लागतं ते मला त्या संध्याकाळी समजलं. त्या बाईंना महिनाभर रोज लागलं असणार. त्यांनी काय केलं होतं माझं? पगारावर बसलेलं माणूस ते.

चेक वटला, तेवढं नशीब. वटल्याचं बँकेतून कळलं त्या दिवशी पाळी सुटल्यावर मी राजारामपुरीत गेलो. बाटली मुद्दाम घरी ठेवून गेलो. तहान लागली होती, ती दाबून धरली होती. मजला चढलो तर शटर खाली, पाटी काढलेली. भिंतीवर पाटीचे चार खिळे तेवढे होते. मोगऱ्याची कुंडी जिन्यात आणून ठेवलेली, माती वाळलेली.

खाली पानटपरीवाला म्हणाला, "गेलं की त्ये बिऱ्हाड, पावणं. तुमचं बी बुडालं काय?"

"न्हाई. माझं मिळालं."

"मग कशाला आलासा?"

मी विचारलं, "कौंटरवर एक बाई असायच्या. कुठं असत्यात?"

"कोण बाई? नाव काय त्यांचं? गाव कुठलं?"

आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पहिल्या मिनिटात विचारतात, पावणं, गाव कुठलं? मी महिनाभर त्यांच्यासमोर बसलो होतो. ते विचारलं नव्हतं.